लिथियमची बॅटरी : तिचा इतिहास आणि तिची निगा

भिंतींत एक खुंटी बसवावयाची म्हणून सुताराची चार दिवस वाट पाहण्याचा काळ शहरांतील पुष्कळ घरांतून आतां मागें पडला आहे. फडताळांत शिडीच्या शेजारीं एक लहानशी पेटी असते. तींत हातांत मावणारें एक ड्रिल, पोलादी सळयांचा एक संच आणि ड्रिलच्या मुठीखालीं बसणारी, अर्ध्या विटेएवढी एक बॅटरी असते. त्याच पेटींत बारीक अक्षरांत छापलेलें एक चोपडेंही असतें. पण तें बहुधा कोणी वाचीत नाहीं. उन्हांत ठेवूं नका, भिजवूं नका, परक्या चार्जरवर लावूं नका, उघडूं नका, जाळूं नका अशी नकारांची लांबलचक यादी पाहिली म्हणजे वाचणाऱ्यास वाटतें कीं, कारखानदारानें वकिलाच्या सल्ल्यानें स्वतःचा बचाव करून ठेवला आहे, यापेक्षां त्यांत अधिक कांहीं नाहीं.

ही समजूत बरोबर नाहीं, एवढेंच आजच्या भाषणांत मला सांगावयाचें आहे. त्या यादींतील जवळजवळ प्रत्येक नकारामागें प्रयोगशाळेंतील एखादी आग, डबघाईस आलेला एखादा कारखाना किंवा कोसळलेलें एखादें विमान उभें आहे. हे नियम कोणी टेबलाशीं बसून रचलेले नाहींत. सुमारें पन्नास वर्षें ठेंचा खात खात ते मिळालेले आहेत. ज्याला हा इतिहास ठाऊक झाला त्याला नियम पाठ करावे लागत नाहींत. ते त्याला आपोआप सुचूं लागतात.

प्रथम हत्याराची हकीकत घेऊं. आपल्याकडील सुतार सामत्यानें आणि गिरमिटानें भोंकें पाडीत; त्यांत सारी शक्ति मनगटाची. विजेची शक्ति हातांतल्या हत्यारांत आणली ती जर्मनींतील स्टुटगार्ट येथील फाइन यांच्या कारखान्यानें, १८९५ सालीं. पुढें १९१७ मध्यें अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील ब्लॅक आणि डेकर या भागीदारांनीं पिस्तुलासारखी मूठ आणि बोटानें दाबावयाचा घोडा अशा ठेवणीच्या ड्रिलचें पेटंट मिळविलें. आजतागायत ड्रिलची आकृति साधारण तीच राहिली आहे. परंतु या हत्याराला तारेचें एक शेपूट होतें, आणि जेथवर शेपूट पोंचेल तेथवरच त्याची धांव. १९६१ सालीं याच ब्लॅक अँड डेकर कंपनीनें तें शेपूट छाटलें आणि बॅटरीवर चालणारें ड्रिल बाजारांत आणलें. दहा वर्षांनीं, १९७१ सालीं, अपोलो १५ च्या अंतराळवीरांनीं चंद्रावर बॅटरीच्याच ड्रिलनें सुमारें २.४ मीटर खोल भोंक पाडून तेथील मातीचा नमुना पृथ्वीवर आणला.

पृथ्वीवरील कारागिरांच्या हत्यारांत त्या काळीं निकेल आणि कॅडमियम या धातूंचे घट असत. या जातीचा घट स्वीडनमधील युंगनर यानें १८९९ सालीं तयार केला. हा घट मोठा सोशीक. चार्जरवर तो थोडा अधिक वेळ राहिला तरी जादा वीज उष्णतेच्या रूपानें टाकून देऊन तो स्वस्थ राही. पार रिकामा झाला तरी पुन्हा भरतां येई. मात्र तो जड होता, नुसता पडून राहिला तरी हळूहळू रिकामा होई, आणि त्यांतील कॅडमियम विषारी. शिवाय अर्धवट वापरून पुनःपुन्हा भरल्यास त्याची धारणशक्ति घटते असा अनुभव आल्यामुळें, बॅटरी अगदीं निपचित होईपर्यंत वापरावी आणि मगच भरावी, असा कारागिरांत प्रघात पडला. ही जुनी संवय आपण ध्यानांत ठेवूं. घट बदलले, पण संवय पुष्कळ हातांत तशीच राहिली, आणि नव्या घटाला तीच बाधक आहे.

आतां लिथियमकडे वळूं. १८१७ सालीं स्टॉकहोम येथें बर्झेलियस या थोर रसायनशास्त्र्याच्या प्रयोगशाळेंत आर्फव्हेडसन नांवाचा तरुण एका बेटावरून आणलेल्या खनिजाचें पृथक्करण करीत असतां त्याला हें मूलद्रव्य सांपडलें. दगडांत सांपडलें म्हणून ग्रीक भाषेंतील दगड या अर्थाच्या शब्दावरून त्याचें नांव लिथियम पडलें. नांव दगडाचें, पण गुण नेमके उलटे. सर्व धातूंत हा हलका; पाण्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा. चाकूनें कापतां येईल इतका मऊ. आणि स्वभावानें इतका उतावळा कीं, पाणी लागतांच तो त्याच्याशीं झोंबतो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायु मोकळा करतो. म्हणून प्रयोगशाळेंत त्याला तेलांत बुडवून ठेवतात.

हा उतावळेपणा म्हणजेच विजेच्या दृष्टीनें त्याचें सामर्थ्य. आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकण्याची लिथियमला जितकी घाई असते तितकी क्वचितच दुसऱ्या धातूला असेल. त्यामुळें त्याच्या घटाला दाब जास्त मिळतो. निकेल-कॅडमियमच्या एका घटाचा दाब १.२ व्होल्ट, तर आजच्या लिथियमच्या एका घटाचा सुमारें ३.६ व्होल्ट, म्हणजे तिप्पट. आणि वजन कितीतरी कमी. जो गुण घटाला बळ देतो तोच त्याला आगीच्या काठावर उभा करतो. या एका वाक्यांत पुढील सारा इतिहास सांठविलेला आहे.

१९७० नंतरच्या दशकांत खनिज तेलाच्या टंचाईची धास्ती जगाला पडली, तेव्हां तेलाचाच व्यापार करणाऱ्या एक्सॉन या अमेरिकन कंपनीनें विजेच्या सांठ्याचें संशोधन हातीं घेतलें. तेथें स्टॅन्ली व्हिटिंगहॅम या इंग्रज शास्त्रज्ञानें एका बाजूस शुद्ध लिथियम आणि दुसऱ्या बाजूस टायटॅनियम डायसल्फाईड असा, पुनःपुन्हा भरतां येणारा घट तयार केला. १९७६ मध्यें त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. घट उत्तम चाले. पण मधूनमधून पेट घेई. अग्निशामक दलाला त्या प्रयोगशाळेकडे इतक्या वेळां धांवावें लागलें कीं, लिथियमची आग विझविण्यास लागणाऱ्या खास रसायनांचा खर्च तुमच्याकडूनच वसूल करूं, असें दलानें अखेर बजावलें.

आग कां लागे, तें समजून घेण्यासारखें आहे. घट वापरला जातो तेव्हां लिथियमचे अणु विद्युत्‌भारित होऊन द्रावांतून पलीकडे जातात. घट भरला जातो तेव्हां ते परत येऊन मूळ धातूवर बसतात. परंतु ते सारवलेल्या भुईसारखे सपाट बसत नाहींत. जेथें थोडा उंचवटा असेल तेथें अधिक बसतात. उंचवट्याचा अंकुर होतो, अंकुराचा तंतु होतो, आणि तो तंतु दोन अग्रांमधील पातळ पापुद्रा भेदून पलीकडच्या अग्राला जाऊन भिडतो. मग बाहेरच्या तारेतून जाणारी सारी वीज आंतल्याआंत एका केसाएवढ्या वाटेनें धांवते. इतकी उष्णता तेथें उत्पन्न होते कीं, सभोंवारचा द्राव पेटतो. हा द्राव पाण्याचा नसतो हें येथें सांगितलें पाहिजे. लिथियमला पाणी चालत नाहीं म्हणून तेथें सेंद्रिय द्रव वापरावा लागतो, आणि तो स्वतःच ज्वालाग्राही असतो.

प्रयोगशाळेंतील हा धडा बाजारानें पुन्हा एकदां शिकला. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मोली एनर्जी या कंपनीनें लिथियम धातूच्या, पुनःपुन्हा भरतां येणाऱ्या बॅटऱ्या विकण्यास सुरवात केली, आणि त्या जपानांत हातीं वागविण्याच्या टेलिफोनांत बसविण्यांत आल्या. १९८९ सालीं अशा बॅटरीनें पेट घेतल्याचें उघडकीस आलें. विकलेला माल परत मागवावा लागला, आणि ती होतकरू कंपनी डबघाईस आली. शुद्ध लिथियम धातु घरगुती वस्तूंत घालणें म्हणजे पदरांत निखारा बांधणें, हें त्या दिवसापासून सर्वांना पटलें. मोलीचें नांव मात्र स्मरणांत ठेवावें. तें पुढें पुन्हा येणार आहे.

सुदैवानें दुसरी वाट आधींच निघालेली होती. १९८० सालीं ऑक्सफर्ड विद्यापीठांत जॉन गुडइनफ आणि त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, कोबाल्ट ऑक्साईडच्या थरांत लिथियम सामावून घेतां येतें आणि त्याच्या योगानें सुमारें चार व्होल्टांचा दाब मिळतो. मुद्दा असा कीं, लिथियम आतां धन अग्रांतच, संयुगाच्या रूपानें, सुरक्षित भरलेलें मिळूं लागलें. ऋण अग्राला शुद्ध धातूची गरज उरली नाहीं. जपानांतील आसाही कासेई कंपनीच्या अकिरा योशिनो यांनीं १९८५ सालीं ऋण अग्रासाठीं खनिज तेलापासून मिळणाऱ्या कोकचा, म्हणजे एका जातीच्या कार्बनचा, उपयोग केला. या घटांत धातु म्हणून लिथियम कोठेंच नसतें. भरतांना त्याचे भारित अणु, ज्यांना आयन म्हणतात, ते कोबाल्टच्या थरांतून निघून कार्बनच्या थरांत बिऱ्हाड करतात. वापरतांना परत येतात. दोन घरांमधील ही येजा, एवढाच घटाचा व्यवहार. म्हणून त्याचें नांव लिथियम-आयन घट.

योशिनो यांनीं १९८६ सालीं आपल्या घटाची परीक्षा घेतली ती मासलेवाईक होती. त्यांनीं घटांवर लोखंडाचा जड ठोकळा उंचावरून पाडला. लिथियम धातूच्या घटानें आग ओकली. नव्या घटानें ओकली नाहीं. या परीक्षेंत अपयश आलें असतें तर हा घट बाजारांत येऊंच शकला नसता, इतकें तिचें महत्त्व होतें. १९९१ मध्यें सोनी कंपनीनें तो बाजारांत आणला. पुढें २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना मिळून देण्यांत आलें. त्या वेळीं गुडइनफ ९७ वर्षांचे होते. इतक्या वयांत नोबेलचा मान त्यापूर्वीं कोणासही मिळाला नव्हता. २०२३ मध्यें, वयाचीं शंभर वर्षें पुरीं करून, ते निवर्तले.

येथें गोष्ट सुखान्त झाली असें वाटेल. पण तसें नाहीं. लिथियम धातु घटांतून हद्दपार झाला खरा, परंतु त्याला परत येण्याच्या वाटा मोकळ्या राहिल्या. घट फार थंड असतांना भरला, किंवा मर्यादेबाहेर वेगानें भरला, तर येणाऱ्या आयनांना कार्बनच्या थरांत शिरण्यास अवसर मिळत नाहीं. ते उंबऱ्यावरच धातु होऊन साचतात, आणि पुन्हा तेच अंकुर फुटूं लागतात. एका घटावर सुमारें ४.२ व्होल्टांहून अधिक दाब घातला तरी हाच प्रकार होतो. 'अति तेथें माती' ही म्हण या घटाइतकी दुसऱ्या कोणाला क्वचितच लागू पडेल. उलट, घट अतिशय रिकामा केला तर ऋण अग्राखालचा तांब्याचा पत्रा विरघळूं लागतो, आणि पुढें घट भरतांना तेंच तांबें नको त्या जागीं जमून आंतल्याआंत विजेला आडवाट करून देतें.

दुसरें संकट उष्णतेचें. घटाचें अंतरंग सुमारें शंभर अंशांच्या आसपास तापलें कीं, कार्बनवरील संरक्षक साय मोडूं लागते आणि मोडतांना स्वतः उष्णता देते. सुमारें १३० अंशांवर मधला प्लॅस्टिकचा पापुद्रा वितळूं लागतो. त्याहून पुढें धन अग्रांतील ऑक्साईडमधून प्राणवायु सुटतो. म्हणजे जळण आंत, प्राणवायु आंत आणि ठिणगीही आंतच. उष्णता प्रक्रियेला वाढविते आणि प्रक्रिया उष्णतेला. मग बाहेरून हवा तोडून ही आग गुदमरत नाहीं.

हा धोका कल्पनेंतला नाहीं. २००६ सालीं घटांच्या घडणींत धातूचे सूक्ष्म कण राहून गेल्यामुळें डेल या एकाच कंपनीला मांडीवरील संगणकांच्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या. ३ सप्टेंबर २०१० रोजीं दुबईहून निघालेल्या एका मालवाहू विमानांत आग लागली. त्यांत लिथियम बॅटऱ्यांचा मोठा सांठा होता. विमान कोसळलें आणि दोन्ही वैमानिक प्राणास मुकले. जानेवारी २०१३ मध्यें बोइंग ७८७ जातीच्या दोन विमानांतील बॅटऱ्या लागोपाठ जळल्या, आणि त्या जातीचीं जगांतील सर्व विमानें कांहीं महिने जमिनीवर बसवून ठेवावीं लागलीं. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यास आंतरराष्ट्रीय मनाई झाली, आणि मालवाहू विमानांतून नेतांनाही त्या ३० टक्क्यांहून अधिक भरलेल्या असूं नयेत असें ठरलें. अर्धी रिकामी बॅटरी भरलेल्या बॅटरीपेक्षां कमी धोक्याची, हा या निर्णयांतील बोध घरींही उपयोगी पडतो.

हत्यारांत हा घट उशिरां आला, याचें कारण उघड आहे. टेलिफोन थोडी वीज सावकाश मागतो. ड्रिल लांकडांत अडकलें कीं एका क्षणांत भरमसाट वीज मागतें. शिवाय हत्यार शिडीवरून पडतें, धुळींत लोळतें, उन्हांत राहतें. २००३ सालीं बॉश कंपनीनें लहानशा पेंचकसांत लिथियम-आयन घट बसविला. २००५ मध्यें अमेरिकेंतील मिलवॉकी कंपनीनें २८ व्होल्टांचीं भारी हत्यारें काढलीं. आणि त्यांतील घट पुरविले कोणी, तर नव्या मालकीखालीं पुन्हा उभ्या राहिलेल्या त्याच मोली कंपनीनें. या वेळीं घटांत लिथियम धातु नव्हता, आणि कोबाल्टच्या जागीं उष्णतेला अधिक टिकणारें मॅंगॅनीजचें संयुग होतें. आगीनें पोळलेल्या कारखान्यानेंच हा पल्ला गांठावा, यांत औचित्य आहे. नंतर लोह आणि फॉस्फेट यांचा, आणखी शांत स्वभावाचा घटही कांहीं हत्यारांत आला. हा पदार्थ गुडइनफ यांच्याच मंडळींनीं १९९७ मध्यें पुढें आणला होता.

हत्याराची बॅटरी म्हणजे एक घट नव्हे. १८ व्होल्टांच्या बॅटरींत ३.६ व्होल्टांचे पांच घट एकामागें एक जोडलेले असतात. मोठ्या बॅटरींत अशा दोन किंवा तीन ओळी असतात. पुरतेपणीं भरल्यावर तीच बॅटरी २० व्होल्टांच्या वर जाते. म्हणून अमेरिकेंत '२० व्होल्ट' असें लिहून विकतात ती आणि इतरत्र '१८ व्होल्ट' म्हणून मिळणारी, या वस्तुतः एकाच ताकदीच्या. नांगराला जुंपलेल्या बैलांची कल्पना करावी. पांचांपैकीं एक थकला तरी बाकीचे त्याला फरफटत नेतात, आणि तोच आधीं कोसळतो. घटांचेंही तसेंच होतें: दुबळा घट सर्वांआधीं रिकामा होतो आणि सर्वांआधीं भरून ओसंडूं लागतो. हें टाळण्यासाठीं बॅटरींत, हत्यारांत आणि चार्जरमध्यें मिळून एक विद्युत्‌यंत्रणा ठेवलेली असते. ती दाब आणि उष्णतामान यांवर नजर ठेवते आणि वेळ येतांच प्रवाह तोडते. ती राखणदार आहे. चोपड्यांतील निम्म्याहून अधिक नियम या राखणदाराला फसवूं नका, एवढ्यासाठींच आहेत.

आतां ते नियम पहा. त्यांना आतां वेगळ्या समर्थनाची जरूर उरणार नाहीं.

चार्जर त्याच बॅटरीसाठीं कारखानदारानें नेमलेला असावा. व्होल्टांचा आंकडा जुळतो आणि खांचेंत बसतो, एवढ्यावर परका चार्जर लावूं नये. कारण कोठें थांबावयाचें हें परक्याला ठाऊक नसतें. काम करून तापलेली बॅटरी तशीच चार्जरवर चढवूं नये. तिला सावलींत निवूं द्यावी. गोठवणाऱ्या थंडींत, म्हणजे शून्य अंशाखालीं, ती मुळींच भरूं नये. मुंबई-पुण्याच्या रहिवाशांना या नियमाचें अगत्य वाटणार नाहीं. पण परदेशीं बर्फाळ प्रदेशांत राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांच्या गराजमध्यें हींच हत्यारें असतात, त्यांना तो अवश्य कळवावा. आपल्याकडे भय उलट बाजूचें. नागपूर-अकोल्याकडे वैशाखांत सावलींतलें उष्णतामान ४५ अंशांच्या घरांत जातें. बंद मोटार उन्हांत उभी असली कीं आंत त्याहून पुष्कळ अधिक होतें. अशा मोटारींत बॅटरी विसरूं नये.

बॅटरी भरतांना ती टणक, न जळणाऱ्या जागेवर असावी, फरशी उत्तम. अंथरुणावर, सोफ्यावर, कागदांच्या किंवा लांकडाच्या भुशाच्या जवळ ती भरूं नये. रात्रीं सर्व निजल्यावर किंवा घराला कुलूप लावून जातांना ती चार्जरवर ठेवूं नये, आणि घराच्या एकुलत्या एका दाराजवळ तर कधींच भरूं नये. आग लागलीच तर वाट तेथेंच अडते. बांधकामावरील सुतार आणि रंगारी पुष्कळदां अर्धवट बांधलेल्या जागेंतच निजतात आणि उशाशीं बॅटऱ्या भरावयास लावतात. आपल्या घरीं काम चाललें असेल तर त्यांना बॅटऱ्या भरण्यासाठीं दिवसां एक मोकळी, डोळ्यांसमोरची जागा नेमून देणें हें यजमानाचें कर्तव्य समजावें.

बॅटरी निपचित होईपर्यंत वापरण्याची जुनी संवय सोडावी. हत्याराची धांव मंदावली कीं काम थांबवून ती भरावी. पुष्कळ दिवस ठेवावयाची असेल तर अर्धी भरलेली, थंड आणि कोरड्या जागीं ठेवावी. पूर्ण भरलेली बॅटरी उष्ण जागीं लवकर म्हातारी होते. खिळे, स्क्रू किंवा नाणीं असलेल्या डब्यांत ती मोकळी टाकूं नये. एक खिळा दोन अग्रांवर आडवा पडला कीं पुरे. उंचावरून पडलेली, तडकलेली, पाण्यांत बुडालेली, फुगलेली, काम नसतांना तापणारी किंवा उग्र गोडसर वास येणारी बॅटरी पुन्हा भरूं नये. आंत झालेली इजा कधीं कधीं तासांनीं, कधीं दिवसांनीं प्रकट होते.

फार दिवस पडून राहिलेली बॅटरी चार्जर स्वीकारीत नाहीं तेव्हां कांहीं हुशार मंडळी तिला दुसऱ्या बॅटरीशीं तारांनीं जोडून जागी करतात. तांब्याच्या पत्र्याची हकीकत आपण ऐकलीच. चार्जरचा तो नकार म्हणजे राखणदाराची आरोळी आहे. तिचें तोंड दाबूं नये. तीच गोष्ट घट बदलून बॅटरी 'नवी' करून घेण्याची. नव्याजुन्या बैलांची ती जोडी असते, आणि राखणदार बहुधा काढून टाकलेला असतो. २०२३ सालीं एकट्या न्यूयॉर्क शहरांत लिथियम बॅटऱ्यांच्या आगींनीं १८ माणसें दगावलीं. त्या बॅटऱ्या हत्यारांच्या नव्हत्या, बहुतांशीं विजेच्या सायकलींच्या होत्या. पण घट त्याच जातीचे. त्याच वर्षीं त्या शहरानें, प्रमाणपत्र नसलेल्या अशा बॅटऱ्या विकण्यास आणि वापरलेल्या घटांतून बॅटऱ्या जुळवून विकण्यास कायद्यानें बंदी केली. वाचलेले दोन हजार रुपये आणि जळलेलें घर यांचा हिशेब त्या शहरानें मांडला. आपण तो आधींच मांडावा.

विमानप्रवासांत सुटी बॅटरी सामानाच्या पेटींत न टाकतां स्वतःजवळच्या पिशवींत, अग्रांवर चिकटपट्टी लावून न्यावी लागते, आणि १०० वॅट-तासांवरच्या बॅटरीला विमानकंपनीची परवानगी लागते. हिशेब सोपा आहे: व्होल्ट आणि अँपियर-तास यांचा गुणाकार करावा. १८ व्होल्ट आणि ५ अँपियर-तास म्हणजे ९० वॅट-तास.

इतकें करूनही बॅटरींतून धूर निघूं लागला तर? ती हातांत उचलून पळूं नये. घरांतील माणसें प्रथम बाहेर काढावीं, दार लोटून घ्यावें आणि १०१ किंवा ११२ या आंकड्यावर अग्निशामक दलाला कळवावें. तो धूर विषारी असतो. त्यांत हायड्रोजन फ्लोराईडसारखे वायु असतात. व्हिटिंगहॅम यांच्या काळच्या शुद्ध लिथियमच्या आगीवर पाणी चालत नसे. परंतु आजच्या घटांत धातुरूप लिथियम जवळजवळ नसल्यामुळें भरपूर पाणी हाच उत्तम उपाय आहे, कारण तें शेजारच्या घटांना थंड ठेवतें. आग नुकती लागलेली असेल, विजेचें बटण बंद करतां येत असेल आणि पाठीशीं बाहेर जाण्याची वाट मोकळी असेल, तरच तो घरच्यांनीं करावा. विझल्यासारखी दिसणारी बॅटरी कांहीं तासांनीं पुन्हा पेटूं शकते, हेंही विसरूं नये.

राहिली ती शेवटची गोष्ट, आयुष्य संपलेल्या बॅटरीची. ती केराच्या डब्यांत टाकली तर कचऱ्याच्या गाडींत दाबली जाते, आणि योशिनो यांच्या ठोकळ्याखालची परीक्षा तिला पुन्हा द्यावी लागते. म्हातारपणीं ती उत्तीर्ण होईलच असें नाहीं. त्या गाडीवर हातानें कचरा वेंचणारी माणसें असतात. भारत सरकारनें २०२२ सालीं बॅटऱ्यांच्या कचऱ्यासंबंधीं नियम केले, आणि जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांतील धातु पुन्हा उपयोगांत आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. अग्रांवर चिकटपट्टी लावून ती विक्रेत्याकडे किंवा इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या केंद्राकडे पोंचती करावी. आंतील कोबाल्ट, निकेल आणि लिथियम पुन्हा कामास येतात.

श्रोतेहो, व्हिटिंगहॅम यांनीं लिथियमला घटांत कोंडलें, गुडइनफ यांनीं त्याला राहण्यास घर दिलें, योशिनो यांनीं त्याच्या वागण्याची परीक्षा घेतली. या तिघांनीं मिळून त्याला माणसाच्या कामास लावलें; पण त्याचा मूळ स्वभाव कोणी बदलला नाहीं, आणि बदलला असता तर तो उपयोगाचाही राहिला नसता. चोपड्यांतील नियम म्हणजे त्या स्वभावाशीं आपण केलेला करार आहे. तो आपल्या बाजूनें पाळणें फार अवघड नाहीं. आज घरीं असलेली बॅटरी एकवार हातांत घेऊन पहावी. ती कोठें ठेवली आहे, कोठें भरली जाते आणि कोणाच्या उशाशीं आहे, एवढें पाहिलें तरी हें भाषण ऐकल्याचें सार्थक होईल.